जुन्या मँडोलिनचे लाकूड, वाद्याला धक्का न लावता, कसे ओळखावे?

मोतीबाग

नमस्कार. आमच्या घरी आजोबांचे एक जुने मँडोलिन आहे. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीला होते, कामानिमित्त त्यांचे कोलकात्याला जाणे-येणे असे, आणि हे वाद्य त्यांनी तिथल्या एका दुकानातून घेतले, एवढीच माहिती घरात उरली आहे. नादछिद्रातून आत पाहिले तर चिठ्ठी चिकटवल्याची खूण दिसते. पण चिठ्ठी केव्हाच निघून गेली आहे, त्यामुळे कारखान्याचे नाव किंवा साल कळायला मार्ग नाही.

वाद्याची पाठ चपटी नाही. अरुंद पट्ट्या जोडून ती खोल आणि गोलाकार केलेली आहे. पट्ट्यांचा रंग गडद तपकिरी असून दोन पट्ट्यांच्या मध्ये फिकट लाकडाची बारीक रेघ बसवलेली आहे. वरची तबली पिवळसर, काहीशी लालसर झालेली आहे आणि घोडीच्या (तारा ज्या लाकडी आधारावर टेकतात त्याच्या) मागे ती किंचित खाली वाकवलेली दिसते. दांडी पाठीसारखीच गडद आहे. पडदे ज्या पट्टीवर बसवले आहेत ती काळी आहे, मात्र पहिल्या दोन-तीन पडद्यांपाशी बोटांनी झिजून तिथला रंग तपकिरी झाला आहे. यंदाच्या मे महिन्यात तबलीला नादछिद्रापासून कडेपर्यंत एक सरळ चीर गेली, म्हणून आता दुरुस्तीचा विचार सुरू आहे.

अडचण अशी की, ज्यांना दाखवले त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. फर्निचरचे काम करणारे सुतार म्हणाले की सगळे शिसम आहे, काचकागदाने घासून वर मेलामाइन मारले की नव्यासारखे होईल. एका वाद्यविक्रेत्यांनी सांगितले की तबली लालसर असल्यामुळे ती सीडारची आहे आणि पाठ जर्मन रोझवूडची आहे. दोघांनीही केवळ रंग पाहून सांगितले, हे मला खटकते. तबली, पाठीच्या पट्ट्या, दांडी आणि पडद्यांखालची पट्टी यांचे लाकूड घरच्या घरी, काहीही न कापता, कितपत खात्रीने ओळखता येते? आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ते ओळखण्याची खरोखर गरज असते का? वाद्य पुन्हा वाजते व्हावे ही मनापासून इच्छा आहे, म्हणून सविस्तर विचारत आहे.

तारवाद्य

ताई, सर्वांत आधी घासण्याचे काम थांबवा. अशा मँडोलिनची तबली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते, आणि तिच्यावर बहुधा लाखेचे पॉलिश किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या राळेचे व्हार्निश असते. काचकागद फिरला की पॉलिश तर जातेच, शिवाय तबलीची जाडीही कमी होते. आठ तारांचा ताण सोसणारी तबली पातळ झाली की ती घोडीखाली खचते. त्यावर मेलामाइनचा जाड, कडक थर चढवला तर आवाज दबतो, आणि पुढे कोणी चांगला कारागीर भेटला तरी त्याला मूळ स्थितीकडे परतता येत नाही.

आता लाकडाकडे वळतो. रंगावरून काही ठरवू नये, हा आपला संशय अगदी रास्त आहे, कारण वय आणि उजेड वेगवेगळ्या लाकडांवर वेगवेगळा परिणाम करतात. स्प्रूस, म्हणजे तबलीसाठी वापरले जाणारे एक सूचिपर्णी लाकूड, नवे असताना जवळजवळ पांढरे असते. वर्षानुवर्षे उजेड लागून ते मधासारखे पिवळे होते, आणि वर लाखेचे पॉलिश असेल तर त्याच्या नारिंगी झाकेने ते लालसर भासते. रोझवूडचे उलट होते. त्यातली जांभळट छटा उन्हाने उडून जाते आणि साधा तपकिरी रंग मागे राहतो. म्हणजे पन्नास-साठ वर्षांनी जे गडद आहे ते मुळात गडद होते, किंवा जे लालसर आहे ते मुळात लालसर होते, असे म्हणता येत नाही.

तबलीसाठी असे करा. इतवारीच्या सराफा ओळीत दागिने तपासायचे दहापट भिंग मिळते, तसे एक घ्या आणि तबली दिवसाच्या तिरप्या उजेडात धरा. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्या नसतात, म्हणून पृष्ठभागावर एकही उघडे छिद्र दिसत नाही. दिसतात त्या फक्त वार्षिक वलयांच्या समांतर रेघा, एक फिकट आणि एक गडद. छिद्रे दिसली नाहीत तर तबली सूचिपर्णी लाकडाची आहे एवढे नक्की झाले, आणि शिसमचा प्रश्न तिथेच मिटला. पुढचा प्रश्न स्प्रूस की सीडार, हा. स्प्रूसमध्ये बारीक राळवाहिन्या असतात. तबलीवर त्या रेघांच्या दिशेने जाणाऱ्या, तुटक, केसाएवढ्या खुणांसारख्या दिसतात. गिटारमध्ये जे पश्चिम अमेरिकेतले लाल सीडार वापरले जाते त्यात एरवी त्या नसतात. शिवाय स्प्रूसचा चांगला, वलयांना काटकोनात चिरलेला तुकडा असेल तर रेघांना आडवी, रेशमासारखी चमक दिसते. वाद्य हातात घेऊन हळूहळू फिरवले की ही चमक सरकते. ती मज्जाकिरणांची, म्हणजे खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची, असते. सीडारवर अशी चमक असलीच तर ती फार मंद असते.

इथे इतिहासही आपल्या मदतीला येतो. तारवाद्यांच्या तबलीसाठी सीडार रूढ झाले ते 1960 च्या दशकात, माद्रिदच्या रामिरेझ कारखान्याच्या स्पॅनिश गिटारींपासून. त्यापूर्वीच्या युरोपीय आणि अमेरिकी मँडोलिनची तबली जवळजवळ नेहमी स्प्रूसचीच असते. आजोबांची नोकरी बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली असेल तर वाद्य निश्चितच त्याआधीचे आहे, त्यामुळे सीडारच्या बाजूने फार भक्कम पुरावा असल्याशिवाय मी ते मान्य करणार नाही.

लाकडाचा खरा रंग पाहायचा असेल तर जिथे उजेड पोहोचला नाही तिथे पाहावा. तारा सैल करून घोडी बाजूला सरकवा. ती चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते. तिच्या पायांखालचा भाग आणि तारा अडकवायच्या पत्र्याखालचा भाग बऱ्याचदा कितीतरी फिकट असतो. तिथे लाकूड पांढरट-पिवळे दिसले तर स्प्रूस, विटकरी दिसले तर सीडारचा विचार करावा लागेल. मात्र घोडी हलवण्यापूर्वी तिच्या दोन्ही पायांची जागा कागदी चिकटपट्टीने खुणेसाठी आखून ठेवा, नाहीतर परत बसवताना सूर बिघडतात.

तबली अखंड लाकडाची आहे की प्लायची, हेही आताच पाहून घ्या. नादछिद्राच्या कडेवर भिंग धरा. वरच्या पृष्ठभागावरची प्रत्येक रेघ कडेवरून सरळ खाली उतरत असेल तर लाकूड अखंड आहे. कडेवर आडवे थर दिसले, आणि मधल्या थराची दिशा वेगळी असली, तर ती प्लाय आहे. घोडीमागे वाकवलेली तबली ही इटलीतल्या नेपल्सची पद्धत. लाकूड तापवून तो बाक देतात. पोलादी तारांचे मँडोलिन प्रचारात आणण्याचे श्रेय तिथल्या पास्क्वाले व्हिनाचिया यांना दिले जाते, आणि या तारांचा वाढलेला दाब पेलण्यासाठी हा बाक फार कामी येतो. ही रचना पुढे जर्मनी, अमेरिका आणि जपान इथल्या कारखान्यांनीही उचलली, म्हणून नुसत्या आकारावरून देश ठरवू नये.

पाठीच्या पट्ट्यांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. स्वस्त वाद्यांमध्ये बर्च किंवा मेपलच्या फिकट लाकडाला रंग देऊन, कधी त्यावर खोट्या रेघा काढून, ते रोझवूडसारखे दिसावे अशी सोय करत असत. खऱ्या रोझवूडमध्ये नळ्या मोठ्या असतात. उभ्या चिरलेल्या पृष्ठभागावर त्या बारीक, लांबट चरांसारख्या दिसतात, नुसत्या डोळ्यांनासुद्धा. पॉलिशने त्या भरल्या असल्या तरी तिरप्या उजेडात त्यांचे खळगे जाणवतात. बर्च आणि मेपलमध्ये नळ्या इतक्या लहान असतात की असे चर दिसतच नाहीत. म्हणून गडद रेघ दिसते पण तिच्या बाजूने चर नाहीत, किंवा रंगाच्या रेघा एका दिशेने आणि लाकडाचे तंतू दुसऱ्या दिशेने जात आहेत, असे आढळले तर तो रंग आहे. आपल्या वाद्यात आतून कागद किंवा कापड चिकटवलेले असेल तर पट्ट्यांची आतली बाजू दिसणार नाही; तेव्हा बाहेरून, विशेषतः जिथे पॉलिश झिजून गेले आहे आणि जिथे कडेचा टवका उडाला आहे, तिथे पाहा. रंग फक्त वरवर असेल तर टवक्यात फिकट लाकूड उघडे पडते.

पडद्यांखालची पट्टी झिजून तपकिरी झाली आहे असे आपण लिहिले आहे, तेवढ्यावरून मला ती एबनी वाटत नाही. एबनी आरपार काळी असते. कितीही झिजली तरी खालून काळीच निघते. नासपती किंवा तत्सम बारीक पोताचे लाकूड काळे रंगवून एबनीच्या जागी वापरण्याची जुनी रीत युरोपात होती. पट्टीच्या कडेला, पडद्यांच्या टोकांपाशी भिंगाने पाहा म्हणजे उलगडा होईल.

हे सगळे पाहून इथे लिहा, मग दुरुस्तीबद्दल बोलू.

लकडगंज_टिंबर

आमचा पिढीजात व्यवसाय लाकडाचा आहे, वाद्यांचे ज्ञान मला नाही. पण लाकूड ओळखण्याबद्दल थोडे लिहितो. आमच्याकडे आरागिरणीवर जो माल येतो त्याचा रंग पाहून भाव ठरवणारा माणूस फार दिवस टिकत नाही. लाकूड टोकाकडून, म्हणजे आडव्या छेदातून ओळखायचे असते. धारदार पात्याने टोकाचा एक पातळ काप काढला, तिथे पाण्याचे बोट फिरवले आणि भिंगाखाली धरले, की छिद्रे, वलये आणि किरण तिन्ही एकदम समोर येतात. वाद्याचा काप अर्थातच काढायचा नाही. पण प्रत्येक वाद्यात कुठे ना कुठे आडवा छेद उघडा असतोच, जसे डोक्याचे वरचे टोक, खुंट्यांची भोके, दांडीचा बुडखा, आणि पाठीच्या तळाशी तारा अडकवायचे बटण जिथे ठोकले आहे ते भोक. तिथली धूळ मऊ कुंचल्याने काढली की पुरेसे दिसते.

वाद्य कोलकात्याचे आहे म्हणून एक शक्यता लक्षात असू द्यावी. तिथल्या दुकानांत आयात केलेली वाद्ये विकली जात, तशी आपल्याकडच्या कारागिरांनी केलेली वाद्येही असत, आणि त्यात आपल्याकडचे लाकूड असणे स्वाभाविक आहे. दांडी महोगनीची म्हणून सांगितली जाते तिथे बरेचदा तून या झाडाचे लाकूड असू शकते. दोन्ही एकाच कुळातली झाडे, रंगही जवळचा. फरक छेदात आहे: तूनमध्ये प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची स्पष्ट ओळ असते आणि पुढे छिद्रे लहान होत जातात; महोगनीत छिद्रे सगळीकडे सारखी विखुरलेली असतात आणि वलयाची सीमा एका बारीक फिकट रेघेने दिसते. तूनला ताजे कापल्यावर एक हलका सुवासही असतो, पण इतक्या जुन्या, पॉलिश केलेल्या लाकडावर वासाचा भरवसा धरू नये. मिरजेचे कारागीर सतारीसाठी हेच तून वापरतात, त्यामुळे वाद्यासाठी ते हलक्या दर्जाचे समजण्याचे कारण नाही.

पट्ट्या खरोखर रोझवूडच्या कुळातल्या असतील तर आणखी एक खूण मिळेल. शिसवी, शिसम आणि ब्राझीलचे रोझवूड ही तिन्ही डाल्बर्जिया वंशातली, आणि त्यांच्या उभ्या चिरलेल्या पृष्ठभागावर तंतूंना आडव्या, अत्यंत बारीक, एकसारख्या अंतरावरच्या लाटा दिसतात. भिंगाने पाहिले तर ओल्या वाळूवर वाऱ्याने उमटवलेल्या नक्षीसारख्या त्या असतात. आपल्या भागातल्या बिजा या झाडाच्या लाकडातही त्या आढळतात, म्हणून केवळ लाटांवरून थांबू नये. बिजाची ओळख मात्र सोपी आहे. विदर्भात पुष्कळ घरांत मधुमेहासाठी बिजाच्या लाकडाचा पेला ठेवतात; त्यातले रात्रभर ठेवलेले पाणी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरले, तर तपकिरी पाण्याच्या कडेला निळसर झाक चमकते. वाद्याचा एखादा तुटून पडलेला कपचा सापडला तर तो चमचाभर पाण्यात भिजवून हे पाहता येईल, अर्थात कपचा आपोआप पडलेला असेल तरच.

शिसवी आणि ब्राझीलचे रोझवूड यांत फरक करणे मात्र भिंगाच्या पलीकडचे काम आहे. ब्राझीलच्या लाकडात छिद्रे विरळ असतात, आपल्याकडच्यात दाट, ही ढोबळ खूण आहे. पण तिच्यावरून पैसे मोजू नयेत.

वर्धारोड

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. फक्त एक भर घालतो, कारण पुढे कोणी चपट्या किंवा कोरीव पाठीच्या मँडोलिनबद्दल हाच प्रश्न घेऊन येईल. तिथे कारखान्याच्या सूचिपत्रावरही अवलंबून राहू नये. अमेरिकेतल्या कॅलामाझू इथे 1902 मध्ये सुरू झालेल्या गिब्सन कंपनीच्या सुरुवातीच्या 'ए' नमुन्याच्या मँडोलिनची पाठ सूचिपत्रात मेपलची म्हणून छापलेली असली तरी प्रत्यक्षात ती पुष्कळदा बर्चची असते, हे त्या वाद्यांच्या अभ्यासकांमध्ये सर्वमान्य आहे. याउलट 1922 पासून आलेल्या, लॉइड लोअर यांच्या देखरेखीखालच्या 'एफ-5' नमुन्याची पाठ लाटांच्या, म्हणजे आडव्या चमकदार पट्ट्यांची नक्षी असलेल्या, मेपलची असते.

दोघांत फरक करायचा तर मज्जाकिरण पाहावेत. मेपलचे मोठे किरण त्याच्या छिद्रांएवढेच रुंद असतात, म्हणून सपाट चिरलेल्या पाठीवर ते पेन्सिलीच्या टोकाने मारलेल्या बारीक, आखूड, गडद रेघांसारखे दिसतात, आणि वलयांना काटकोनात चिरलेल्या बाजूच्या पट्टीवर चमकदार ठिपके होतात. बर्चचे किरण छिद्रांपेक्षा अरुंद असतात, ते असे उठून दिसत नाहीत. उलट त्याची छिद्रे मेपलपेक्षा किंचित मोठी असल्यामुळे पृष्ठभागावर बारीक टाचण्या टोचल्यासारखे दिसते. लाटा दोन्ही लाकडांत असू शकतात, त्यामुळे लाटा दिसल्या म्हणजे मेपल, हा समज सोडून द्यावा.

मोतीबाग

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. भिंग आणले आणि खिडकीपाशी बसून शांतपणे पाहिले. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

तबलीवर एकही छिद्र नाही. वाद्य फिरवले की रेघांना आडवी चमक खरोखरच सरकते, आणि तुटक, केसासारख्या खुणाही दिसल्या. घोडीखालचे लाकूड फिकट पिवळे आहे, बाजूच्या रंगाशी त्याचा काही मेळ नाही. नादछिद्राच्या कडेवर रेघा सरळ खाली उतरतात. चिरेच्या आत पाहिले तर तिथेही लाकूड तसेच फिकट आहे, आणि चीर अगदी एका गडद रेघेच्या कडेने गेली आहे.

पाठीच्या पट्ट्यांवर लांबट चर स्पष्ट दिसतात, आणि रंगाच्या रेघा त्यांच्याच दिशेने जातात. तळाशी एका पट्टीचा टवका उडाला आहे, तिथेही लाकूड आतपर्यंत तपकिरी आहे. एका पट्टीच्या कडेला मात्र पिवळट, अरुंद पट्टा आहे. तो रंग उडाल्यामुळे आहे की दुसरे लाकूड जोडल्यामुळे, ते समजले नाही. लाटांची नक्षी तीन-चार पट्ट्यांवर दिसली, बाकीच्यांवर नाही. खाली पडलेला कपचा नाही आणि काढण्याची माझी हिंमत नाही, त्यामुळे पाण्याची परीक्षा केली नाही.

दांडीने मला गोंधळात टाकले. बाहेरून ती पाठीसारखीच आहे, चरही तसेच आहेत. पण डोक्यापाशी एका खुंटीच्या भोकात पाहिले तर वर कागदाएवढा पातळ गडद थर आणि त्याखाली फिकट, मऊ वाटणारे लाकूड आहे. पडद्यांखालची पट्टी कडेने तपकिरी आहे, काळेपणा फक्त वरवर आहे आणि छिद्रे जवळजवळ दिसतच नाहीत. दांडीवर पातळ थर आणि पट्टीवर रंग, याचा अर्थ आजोबांची फसवणूक झाली होती का? हे विचारताना संकोच वाटतो, पण घरात हे वाद्य फार मौल्यवान म्हणून जपले गेले आहे.

तारवाद्य

ताई, आपण जितके बारकाईने पाहिले आहे तितके वाद्ये विकणारे कित्येक जण पाहत नाहीत. फसवणूक झालेली नाही, हे आधी निःशंकपणे सांगतो. नेपल्सच्या धर्तीवरच्या मँडोलिनमध्ये दांडीचा गाभा हलक्या लाकडाचा ठेवून त्यावर पाठीशी जुळणारा रोझवूडचा पातळ थर चढवण्याची रीतच होती. सबंध दांडी रोझवूडची केली तर ती फार जड होते. पाठ पातळ पट्ट्यांची आणि हलकी असल्यामुळे वाद्य डोक्याकडे झुकते आणि वाजवणाऱ्याच्या डाव्या हातावर भार येतो. काळी रंगवलेली पट्टी ही काटकसर आहे खरी, पण ती कारखान्याची उघड रीत होती आणि चांगल्या आवाजाच्या मधल्या दर्जाच्या वाद्यांवरही ती आढळते.

तबली अखंड स्प्रूसची आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. कोणते स्प्रूस, आल्प्सकडचे, अमेरिकेचे की आपल्या हिमालयातली राई, हे भिंगाने ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा स्प्रूसच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करणे अतिशय कठीण असते, म्हणून जो कोणी नुसते पाहून ठामपणे जातीचे नाव सांगेल त्याचे बोलणे मनावर घेऊ नये. पाठीच्या पट्ट्या डाल्बर्जिया वंशाच्या आहेत असे मी धरून चालेन. तो पिवळट पट्टा रसकाष्ठाचा आहे. झाडाच्या गाभ्याबाहेरचे लाकूड फिकट असते, आणि पट्टी कापताना कडेला ते थोडे राहून जाते. रंगवलेल्या लाकडावर असा नैसर्गिक पट्टा कोणी ठेवत नाही, त्यामुळे तो उलट आपल्या बाजूचा पुरावा आहे. लाटा काहीच पट्ट्यांवर दिसल्या, यातही विशेष काही नाही. पट्टी कोणत्या दिशेने चिरली आहे त्यावर ते अवलंबून असते.

याहून पुढे जायचे असेल तर बंगळुरूची लाकूडविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आणि डेहराडूनची वनसंशोधन संस्था इथे लाकडाची शास्त्रीय ओळख पटवली जाते. पण त्यासाठी नमुना द्यावा लागतो, आणि दुरुस्तीसाठी तेवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. ब्राझीलच्या रोझवूडचा प्रश्न तेव्हाच महत्त्वाचा ठरतो जेव्हा वाद्य देशाबाहेर न्यायचे किंवा विकायचे असते, कारण 1992 पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत. आपला तसा विचार दिसत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो: लाकूड ओळखण्याची गरज दुरुस्तीसाठी असते का? असते, आणि आपली चीरच त्याचे उदाहरण आहे. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने आकसते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवा अगदी कोरडी होते. थंड, दमट हवेत घडवलेली तबली अशा हवेत आडवी आकसू पाहते, पण कडेने ती पाठीला चिकटवलेली असल्यामुळे तिला जागा मिळत नाही, आणि मग ती सर्वांत कमकुवत रेघेच्या कडेने फाटते. त्यातच वाद्य दिवसा कूलरच्या दमट झोतात आणि रात्री बंद, तापलेल्या खोलीत राहिले तर हा ताण रोज उलटसुलट होतो. म्हणून चीर आत्ता रुंद दिसते ती लाकूड हरवल्यामुळे नाही, आकसल्यामुळे आहे. तिच्यात लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरला तर पावसाळ्यात तबली फुगेल, भरलेला भाग जागा देणार नाही, आणि शेजारी दुसरी चीर जाईल.

योग्य मार्ग असा. पाऊस लागून हवा दमट होईपर्यंत थांबा. जुलैअखेरपर्यंत चीर आपसूक पुष्कळ मिटलेली असेल. त्यानंतर तिच्यात गरम सरस पातळ करून उतरवावा आणि दोन्ही कडा अलगद दाबून धराव्यात. सरसच का, तर तो पुढे कधीही ऊब आणि ओलाव्याने सोडवता येतो आणि नवा सरस जुन्यावर धरतो. आतून, चिरेला आडवे, स्प्रूसचेच दोन-तीन छोटे, पातळ, कडा उतरत्या केलेले तुकडे चिकटवावेत. इथे शिसम किंवा सागवानाचा तुकडा लावू नये. तो जड असतो, तबलीबरोबर आकसत-फुगत नाही आणि नेमक्या त्या जागी आवाज मारतो. पाठीला, दांडीला काहीही करू नका. काळ्या पट्टीला हात लावायचा असेल तर नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. स्पिरिट कुठेही वापरू नका, कारण लाखेचे पॉलिश त्यात लगेच विरघळते.

तारांबद्दल एक सूचना राहून गेली. बाजारात मँडोलिनच्या म्हणून ज्या तारा सहज मिळतात त्या कोरीव पाठीच्या आधुनिक वाद्यांसाठी असतात आणि आपल्या वाद्याला त्या जाड पडतील. सर्वांत हलक्या, पातळ तारा मागवा. तोवर आहेत त्या तारा दोन-तीन स्वरांनी उतरवून ठेवा, पूर्ण सोडू नका.

लकडगंज_टिंबर

आतल्या तुकड्यांसाठी स्प्रूस कुठे मिळेल, हा पुढचा प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहितो. लकडगंजात ते मागायला जाऊ नये. आयात मालाच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे जे पांढरे लाकूड स्वस्तात मिळते त्यात पाइन आणि स्प्रूस मिसळलेले असते, त्यात गाठी असतात, वलये रुंद असतात आणि चिरण्याची दिशा कशीही असते. त्यापेक्षा मोडीत निघालेल्या जुन्या पियानोची नादफळी शोधावी. ती उत्तम सुकलेल्या, बारीक वलयांच्या स्प्रूसची असते, आणि तुमच्या कामाला तिचा तळहाताएवढा तुकडाही पुरून उरेल. सदरमध्ये किंवा कामठीच्या छावणीत जुने सामान घेणाऱ्यांकडे विचारून पाहावे. तुकडा मिळाला तर घेऊन या. आमच्या गिरणीवर वलयांना काटकोनात पातळ पट्ट्या चिरून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.